चारकोपमधून पाहिलेला महानगर टेलिफोन निगम : एका सार्वजनिक सेवेच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

गोषवारा

महानगर टेलिफोन निगम लिमिटेड (एम.टी.एन.एल.) या शासकीय दूरध्वनी कंपनीचा इतिहास सामान्यतः दोन साच्यांत सांगितला जातो. एक, मक्तेदारीतून आलेल्या अकार्यक्षमतेची कथा आणि दुसरी, खाजगी कंपन्यांसाठी दिल्या गेलेल्या बळीची कथा. परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही कथा कंपनीच्या ताळेबंदालाच प्रमाण मानतात. निगमाच्या स्थापनेच्या सुमारास आखल्या गेलेल्या चारकोप (कांदिवली पश्चिम) या वसाहतीच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या दोन्ही मांडण्यांची चिकित्सा केली आहे. मूलभूत सुविधा कशास म्हणावे आणि ती कोणास कोणत्या क्रमाने द्यावी, याविषयीच्या शासकीय निर्णयांचा इतिहास म्हणून निगमाचा इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : महानगर टेलिफोन निगम, चारकोप, सार्वजनिक सेवा, प्रतीक्षायादी, दूरध्वनी घनता, मूल्यमापन

१. प्रास्ताविक

१ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्ली या दोन महानगरांतील दूरध्वनी सेवा केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून महानगर टेलिफोन निगम लिमिटेड या नव्या कंपनीकडे सोपविण्यात आली. मुंबईच्या कार्यक्षेत्रात ठाणे व नवी मुंबई यांचाही समावेश होता. १ जानेवारी २०२५ पासून निगमाच्या सेवांचे प्रत्यक्ष संचालन सेवाकराराद्वारे भारत संचार निगम लिमिटेडकडे (बी.एस.एन.एल.) गेले. कंपनीचे नाव व कंपनीवरील कर्ज तेवढे मागे राहिले. सुमारे ३९ वर्षांच्या या कालखंडाकडे आता एक पूर्ण झालेला कालखंड म्हणून पाहता येते आणि म्हणूनच त्याच्या इतिहासलेखनाचा प्रश्न उपस्थित होतो.

या विषयावरील लेखनाचे स्थूलमानाने दोन प्रवाह आढळतात. पहिल्या प्रवाहानुसार शासकीय मक्तेदारीच्या काळात दूरध्वनी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, मिळालेला दूरध्वनी वारंवार बंद पडे आणि खाजगी कंपन्यांच्या आगमनाने ही कोंडी फुटली. तत्कालीन दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांनी दूरध्वनी ही चैनीची वस्तू असल्याच्या आशयाचे उत्तर संसदेत दिल्याची आख्यायिका या प्रवाहातील लेखनात हमखास येते. दुसऱ्या प्रवाहानुसार निगम ही उत्तम चाललेली, नफ्यातील कंपनी होती आणि शासनाने जाणीवपूर्वक तिचे हातपाय बांधून ठेवले. कामगार संघटनांच्या मांडणीत हा सूर विशेषत्वाने ऐकू येतो.

अभ्यासग्रंथांची स्थिती याहून निराळी असली तरी तेथेही एक उणीव जाणवते. अशोक देसाई यांच्या २००६ सालच्या ग्रंथात भारतीय दूरसंचार उद्योगाचे धोरणात्मक व आर्थिक विश्लेषण आहे. असा डोरॉन आणि रॉबिन जेफ्री यांच्या २०१३ सालच्या ग्रंथाचा विषय मोबाईलने घडविलेले सामाजिक परिवर्तन हा आहे. पहिल्यात केंद्रस्थानी उद्योग आहे, तर दुसऱ्यात मोबाईलचा वापरकर्ता. तारेच्या दूरध्वनीचा महानगरी वापरकर्ता, त्यातही उपनगरातील अल्प व मध्यम उत्पन्नाचा वापरकर्ता, या दोहोंच्या मधल्या जागेत हरवतो. त्याच्या बाजूने पाहिल्यास निगमाचा इतिहास कसा दिसेल, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी चारकोपची निवड केली आहे. कारण ही वसाहत आणि ही कंपनी जवळजवळ समवयस्क आहेत आणि दोघींचीही निर्मिती शासनाने केली आहे.

२. पार्श्वभूमी : विभागाकडून कंपनीकडे

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले, ते खाजगी कंपनीचे होते. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनी यंत्रणा सरकारने १९४३ साली ताब्यात घेतली. म्हणजे मुंबईपुरते बोलायचे तर दूरध्वनीची पहिली साठ वर्षे खाजगी व्यवस्थेत गेली आणि त्या काळात तो पेढ्या, कचेऱ्या व धनिकांची घरे यांच्या पलीकडे फारसा गेला नाही. मक्तेदारीमुळे दूरध्वनी सामान्यांपर्यंत पोहोचला नाही, हे विधान करताना हा पूर्वेतिहास सहसा विसरला जातो.

स्वातंत्र्यानंतर डाक-तार खात्याच्या अखत्यारीत हा व्यवहार चालू राहिला. नियोजनात दूरध्वनीला प्राधान्य नव्हते. १९८० च्या दशकात चित्र पालटू लागले. १९८४ साली सी-डॉट या संशोधन संस्थेची स्थापना झाली. १९८५ मध्ये डाक व दूरसंचार हे विभाग वेगळे करण्यात आले आणि १९८६ साली निगम अस्तित्वात आला. त्याच दिवशी परदेशी दळणवळणासाठी विदेश संचार निगम लिमिटेडही कार्यरत झाला.

कंपनी स्थापन करण्यामागील हेतूंपैकी एक हेतू भांडवल उभारणीचा होता. शासकीय विभागाला बाजारातून कर्ज घेता येत नाही, कंपनीला घेता येते. त्यानुसार निगमाने रोखे विक्रीस काढले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीचा मोठा वाटा दूरसंचार विभागाकडे वळविला गेला. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुंबई-दिल्लीच्या ग्राहकांची सेवा हा निगमाचा घोषित हेतू असला तरी आरंभापासूनच त्याच्याकडे देशातील दूरसंचाराला पैसा पुरविणारे साधन म्हणून पाहिले गेले.

३. सोडत आणि प्रतीक्षायादी

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडामार्फत विकसित भूखंडांची जी योजना राबविली गेली, तिच्यातील एक मोठी वसाहत म्हणजे चारकोप. बांधलेले घर देण्याऐवजी पाणी, मलनिस्सारण, रस्ते, पथदिवे अशा सुविधांनी युक्त छोटा भूखंड द्यावा आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे, हे या योजनेचे सूत्र होते. साधारण २५ ते ४० चौरस मीटरचे भूखंड, मधल्या मोकळ्या चौकाभोवती तीस-चाळीस कुटुंबांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अशा संस्थांचे मिळून सेक्टर, अशी तिची रचना झाली. मोठे व व्यापारी भूखंड चढ्या दराने विकून छोट्या भूखंडांचा दर आटोक्यात ठेवण्याची तरतूद योजनेतच होती. उत्पन्नगट, अर्ज व सोडत या मार्गाने भूखंडांचे वाटप झाले आणि १९९० च्या दशकात वसाहत क्रमाने भरत गेली.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ‘विकसित भूखंड’ या संकल्पनेतील सुविधांच्या यादीत दूरध्वनी नव्हता. तो असावयास हवा होता, असा आग्रह त्या काळात कोणी धरल्याचेही दिसत नाही. एकाच दशकात, एकाच शहरासाठी, शासनाच्या एका अंगाने नागरी जीवनाची किमान गरज ठरविली आणि दुसऱ्या अंगाने दूरध्वनीसाठी कंपनी उभारली. परंतु या दोन निर्णयांची एकमेकांशी गाठ पडली नाही. स्टीफन यांच्या नावावर सांगितली जाणारी आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, दूरध्वनी ही चैन आहे हे गृहीतक एका मंत्र्याचे नव्हते. ते नगरनियोजनाच्या आराखड्यातही मुरलेले होते.

दोन्ही सेवांच्या वाटपाच्या पद्धतींची तुलना अधिक बोलकी आहे. भूखंडासाठी उत्पन्नाची कमाल मर्यादा होती. अर्जदाराचे उत्पन्न कमी असणे ही तेथे पात्रता होती. दूरध्वनीच्या बाबतीत क्रम उलट होता. १९४९ पासून चालत आलेल्या ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेखाली (ओ.वाय.टी.) मोठी रक्कम आगाऊ भरणाऱ्यास अग्रक्रम मिळे. त्याखालोखाल डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांचा विशेष वर्ग असे आणि सर्वांत शेवटी सर्वसाधारण वर्ग. म्हणजे ज्या कुटुंबाला कमी उत्पन्नामुळे चारकोपचा भूखंड मिळाला, ते कुटुंब त्याच कारणाने दूरध्वनीच्या रांगेत शेवटी उभे राहत असे. याला अकार्यक्षमता म्हणता येणार नाही. ती एक निश्चित अशी वाटपव्यवस्था होती आणि तिचे नियम लिखित होते. मक्तेदारीच्या कथेत रांगेच्या लांबीची चर्चा होते, रांगेच्या क्रमाची होत नाही. आणि अन्याय लांबीइतकाच क्रमातही होता.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात देशभर सुमारे ८० लाख दूरध्वनी व सुमारे २५ लाखांची प्रतीक्षायादी असल्याचे नमूद आहे. शंभर व्यक्तींमागे दूरध्वनींची संख्या तेव्हा ०.८ होती, जागतिक सरासरी १० होती. हे आकडे नेहमी उद्धृत केले जातात. मात्र प्रतीक्षायादीत केवळ अर्ज करणाऱ्याची नोंद होते. अनामत रक्कम परवडणार नाही म्हणून ज्याने अर्जच केला नाही, तो या यादीत येत नाही. त्यामुळे प्रतीक्षायादी हे मागणीचे माप असले तरी गरजेचे माप नव्हे. चारकोपसारख्या वसाहतीत हा फरक मोठा असणे स्वाभाविक होते. कारण तेथील कुटुंबांची मिळकत त्या वर्षांत घराच्या भिंती व छप्पर यांत गुंतत होती.

४. ‘पी.पी.’, बूथ आणि घनतेचे गणित

ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता, त्यांचा दूरध्वनीशी संबंधच नव्हता असे मात्र नाही. त्या काळच्या लग्नपत्रिका, व्यवसायपत्रे व नोकरीचे अर्ज पाहिल्यास क्रमांकापुढे कंसात ‘पी.पी.’ ही अक्षरे वारंवार आढळतात. क्रमांक शेजाऱ्याचा, निरोप आपला, असा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. उपनगरांतील चाळी व बैठ्या वसाहतींत एका दूरध्वनीवर अनेक कुटुंबांचा व्यवहार चाले. गावाकडील आजारपणाची बातमी, मुलाखतीचे बोलावणे, मुलीच्या सासरची खुशाली, हे सारे त्या एका तारेवरून येई. चौकाभोवती दारे असलेल्या चारकोपच्या रचनेत हाक मारून बोलावणे सोयीचेच होते.

याला जोड मिळाली ती एस.टी.डी.-पी.सी.ओ. बूथची आणि वाण्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या, एक रुपयाच्या नाण्यावर चालणाऱ्या कॉइन बॉक्सची. बूथच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य देण्याचे धोरण असल्याने ही व्यवस्था अनेकांच्या उपजीविकेचेही साधन बनली. चारकोपमधील ज्यांचे नातेवाईक वसई-विरारकडे राहावयास गेले, त्यांना रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या त्या घरी बोलण्यासाठी ०२५० हा सांकेतिक क्रमांक लावावा लागे. कारण वसई निगमाच्या हद्दीबाहेर होती. लोकलने जोडलेले महानगर दूरध्वनीच्या नकाशावर असे दुभंगलेले होते.

या सामायिक वापराचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. शेजाऱ्याच्या घरी उभे राहून बोलताना खाजगीपणा उरत नसे. स्त्रियांच्या बाबतीत तर कोणाचा फोन आला, किती वेळ बोलली, याची नोंद घेणारे कान सभोवती असत. ज्याच्या घरी फोन तो उपकारकर्ता आणि ज्याला बोलावले जाई तो ओशाळा, असे एक सूक्ष्म नातेही त्यातून तयार होई. आपला स्वतःचा क्रमांक आणि डिरेक्टरीत छापलेले आपले नाव यांना उपनगरी मध्यमवर्गात जी प्रतिष्ठा होती, तिचे मूळ या ओशाळेपणातून सुटण्यात होते.

तथापि अभ्यासाच्या दृष्टीने येथे एक पद्धतीचा प्रश्न निर्माण होतो. दूरध्वनी घनता मोजताना एक जोडणी म्हणजे एक एकक धरले जाते. सामायिक वापराच्या काळात एका जोडणीमागे कित्येक वापरकर्ते होते, त्यामुळे घनतेचा आकडा प्रत्यक्ष पोहोच कमी करून दाखवीत होता. मोबाईलच्या काळात एकाच व्यक्तीकडे दोन सिमकार्डे असल्याने तोच आकडा पोहोच फुगवून दाखवितो. ०.८ या आकड्याची नंतरच्या काळातील आकड्यांशी थेट तुलना करून प्रगतीचा आलेख काढणे म्हणजे दोन भिन्न मापांनी मोजलेल्या वस्तूंची तुलना करणे होय. प्रगती झाली हे निर्विवाद आहे. तिचे जे प्रमाण सांगितले जाते ते मात्र तपासून घ्यावे लागेल.

५. नवरत्न ते कर्जबाजारीपणा

आता बळीच्या कथेकडे वळू. तिच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. मुंबईत मोबाईल सेवेचे पहिले दोन परवाने खाजगी कंपन्यांना देण्यात आले आणि १९९५ साली त्यांची सेवा सुरू झाली. शहरातील सर्वांत मोठे दूरध्वनी जाळे असलेल्या निगमाला या क्षेत्रात उतरण्यास २००१ साल उजाडले. १९९७ मध्ये ज्या कंपनीला शासनाने ‘नवरत्न’ दर्जा दिला, तिलाच पुढील काळातील प्रमुख व्यवसायापासून सहा वर्षे दूर ठेवले गेले. निगमाच्या आगमनानंतर मोबाईलचे दर खाली येण्यास हातभार लागला, हे लक्षात घेता या विलंबाची किंमत ग्राहकांनीही मोजली असे म्हणता येते.

दुसरा पुरावा २०१० सालचा आहे. निगमाने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत देशातील पहिली ३जी सेवा सुरू केली होती. २०१० च्या लिलावात खाजगी कंपन्यांच्या चढाओढीतून मुंबई व दिल्लीसाठी जे दर निघाले, तेच दर निगमाला भरावे लागले. ३जीसाठी ६,५६४ कोटी आणि ब्रॉडबँड वायरलेस लहरींसाठी सुमारे ४,५३४ कोटी, असे एकूण ११,०९८ कोटी रुपये. निगमाने बोली लावली नव्हती. किंमत मात्र बोलीची होती. ही रक्कम देण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाखाली कंपनी दबत गेली.

तिसरा पुरावा अधिक सूचक आहे. २००९-१० पासून निगम सातत्याने तोट्यात गेला. अपवाद फक्त २०१३-१४ या वर्षाचा. त्या वर्षी ताळेबंदात सुमारे ७,८०० कोटी रुपयांचा नफा दिसला. त्या वर्षी ग्राहक वाढले नव्हते किंवा सेवा सुधारली नव्हती. विभागातून निगमात आलेल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार केंद्र शासनाने स्वीकारला आणि परत केलेल्या ब्रॉडबँड लहरींच्या रकमेचा हिशोब झाला, एवढेच घडले होते. एका निर्णयाने तोट्यातील कंपनी एका वर्षापुरती नफ्यात येत असेल, तर तिचा तोटाही तितकाच निर्णयांचा परिणाम असू शकतो. निगमाचा ताळेबंद कंपनीच्या कार्यक्षमतेइतकाच शासनाच्या निर्णयांचा आरसा होता.

असे असूनही बळीची कथा संपूर्णपणे स्वीकारता येत नाही. मोबाईलच्या आगमनापूर्वी, मक्तेदारी व नफा दोन्ही हाती असतानाही प्रतीक्षायादी होतीच. केबलमधील बिघाड, पावसाळ्यात दिवसेंदिवस बंद राहणारे दूरध्वनी आणि १९८ क्रमांकावर नोंदवूनही न सुटणाऱ्या तक्रारी यांविषयीची नाराजी सार्वत्रिक होती. शिवाय तारेच्या दूरध्वनीची पीछेहाट जगभर झाली, तिचे खापर केवळ दिल्लीतील निर्णयांवर फोडता येणार नाही. निगमाने जानेवारी २००५ मध्ये ‘ट्रायबँड’ या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा घरोघरी पोहोचलेली तांब्याची तार हे तिचे मोठे बळ होते. ते बळ टिकविण्यासाठी जी देखभाल व गुंतवणूक आवश्यक होती, तीत निगम मागे पडला.

या दोन्ही कथांमध्ये एक प्रश्न अनुत्तरित राहतो. निगम शासनाच्या मालकीचा होता. म्हणून तो सार्वजनिक सेवा देत होता काय? ब्रिटनचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. तेथे ब्रिटिश टेलिकॉम कंपनीचे निम्म्याहून अधिक समभाग १९८४ साली विकले गेले; परंतु मागेल त्याला वाजवी दरात जोडणी देण्याचे सार्वत्रिक सेवेचे बंधन कंपनीवर कायम राहिले आणि त्यावर नियामकाची देखरेख राहिली. आपल्याकडे मालकी राखली गेली, परंतु असे बंधन महानगरांपुरते स्पष्ट शब्दांत कधी घातले गेले नाही. २००२ पासून कार्यान्वित झालेल्या सार्वत्रिक सेवा निधीचा रोख ग्रामीण व दुर्गम भागांवर होता. तो रास्तही होता. परंतु त्यामुळे महानगरातील अल्प उत्पन्नाची वसाहत कोणत्याच धोरणाचा विषय बनली नाही. सधन शहर म्हणून ती निधीच्या कक्षेबाहेर आणि कमी महसुलाची वस्ती म्हणून कंपनीच्या अग्रक्रमाबाहेर. चारकोपच्या ग्राहकाला निगमाने सेवा दिली, पण त्याचा तीवर हक्क आहे असे कोठेही लिहून दिले नाही. मालकी आणि बंधन यांतील हा भेद दोन्ही प्रवाहांच्या नजरेतून निसटला आहे.

६. मूल्यमापनाची वेळ

विकसित भूखंडांच्या योजनेचा पुढील इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर जगभरातच हा मार्ग मागे पडला. भूखंड भरण्यास लागणारा विलंब, मूळ लाभार्थींनी केलेली विक्री व गरिबांपर्यंत न पोहोचणे ही कारणे देऊन या योजना अपयशी मानल्या गेल्या. कॅथरीन ओवेन्स, सुमिला गुलयानी व अँड्रिया रिझवी यांनी मुंबई व चेन्नई येथील अशा वसाहतींची सुमारे वीस वर्षांनी पुन्हा पाहणी करून २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चारकोपचाही समावेश आहे. त्यांचा निष्कर्ष पूर्वीच्या मूल्यमापनाच्या उलट आहे. या वसाहती संमिश्र उत्पन्नाच्या व राहण्यायोग्य अशा नागरी वस्त्या बनल्या आहेत. अपयश म्हणून जे नोंदले गेले, ते फार लवकर केलेले मोजमाप होते.

निगमाच्या बाबतीत क्रम उलट झाला. १९९७ मध्ये त्याला यशस्वी ठरविण्यात आले, २०१९ पर्यंत तो पुनरुज्जीवनाचा विषय झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तिच्यातील स्वेच्छानिवृत्ती स्वीकारून जानेवारी २०२० अखेर १४ हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. मार्च २०२५ अखेर निगमावरील एकूण कर्ज ३० हजार कोटी रुपयांच्या वर होते. १९९७ चा निवाडा व नंतरचा निवाडा यांत समान दुवा एकच : दोन्ही वेळी कसोटी नफ्याची होती. १९९७ मध्ये रांगेच्या क्रमाविषयी कोणी विचारले नाही आणि आज जोडणीच्या हक्काविषयी कोणी विचारत नाही.

चारकोपच्या पुनर्मूल्यमापनात ‘आज तेथे कोण व कसे राहते’ हा प्रश्न विचारला गेला, म्हणून निष्कर्ष बदलला. निगमाविषयी ‘त्याच्या तारेने कोणाला काय करता आले’ हा प्रश्न अद्याप विचारला गेलेला नाही. तो विचारल्यास निष्कर्ष निगमाला अनुकूलच येईल अशी खात्री नाही. ओ.वाय.टी.च्या रांगेचा विचार करता तो काही अंशी प्रतिकूलही येईल. तसेच अल्प उत्पन्नाच्या माणसाच्या हाती दूरध्वनी देण्याचे श्रेय अंतिमतः मोबाईलच्या स्वस्त दरांकडे जाते, हेही मान्य करावे लागेल. मात्र तो निष्कर्ष सेवेविषयीचा असेल. आजचा निष्कर्ष केवळ कंपनीविषयीचा आहे.

यातील विरोधाभास मालमत्तेच्या विक्रीत ठळकपणे दिसतो. पुनरुज्जीवन योजनेतील एक भाग मालमत्तेतून पैसा उभारण्याचा होता. त्यानुसार नोव्हेंबर २०२१ मध्ये गोरेगावच्या वसारी हिल येथील निगमाची मालमत्ता सुमारे ३१० कोटी रुपयांच्या राखीव किमतीने विक्रीस काढली गेली आणि त्यासोबत ओशिवऱ्यातील २० सदनिकाही. दोन्ही ठिकाणे चारकोपपासून काही किलोमीटरवर आहेत. सेवेसाठी व सेवा देणाऱ्यांच्या निवासासाठी मिळालेली जमीन ही आता निगमाची सर्वांत मूल्यवान वस्तू ठरली आहे. चारकोपमध्ये शासनाने जमीन देऊन घर उभारणे लोकांवर सोपविले. निगमाच्या बाबतीत सेवा संपत आल्यावर उरली ती जमीन.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष मांडता येतात. पहिला, मक्तेदारीच्या काळातील दूरध्वनीचा तुटवडा सर्वांवर सारखा नव्हता. तो लिखित नियमांनी वाटलेला होता आणि अल्प उत्पन्नाच्या उपनगरी वसाहतींना त्यात शेवटचे स्थान होते. दुसरा, निगमाचा नफा व तोटा हे दोन्ही मोठ्या प्रमाणात शासकीय निर्णयांतून आले. त्यामुळे त्यांवरून सार्वजनिक मालकीच्या यशापयशाविषयी सरसकट विधान करणे योग्य नाही. तिसरा, शासनाची मालकी म्हणजे नागरिकाचा हक्क नव्हे. हक्क निर्माण व्हावयाचा असेल तर सेवेचे बंधन स्वतंत्रपणे लिहावे लागते. हा तिसरा निष्कर्ष केवळ इतिहासापुरता नाही. शाळेचा प्रवेश, शिधापत्रिका व बँकव्यवहार इंटरनेटवर अवलंबून झाले असताना, जोडणी ही मूलभूत सुविधा आहे काय, हा चारकोपच्या आराखड्यात न विचारला गेलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर साधने जपली पाहिजेत. जुन्या डिरेक्टऱ्या, देयके, अनामत रकमेच्या पावत्या, ‘पी.पी.’ क्रमांक छापलेल्या पत्रिका व गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते ही या इतिहासाची अस्सल कागदपत्रे आहेत. इमारती विकल्या जातात आणि कर्मचारी निवृत्त होऊन विखुरतात, तेव्हा अशा गोष्टी सर्वांत आधी रद्दीत जातात. निवृत्त लाइनमन, टेलिफोन ऑपरेटर व बूथचालक आज आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातच राहत आहेत. इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य व मराठी या विभागांनी एकत्र येऊन पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून त्यांच्या मौखिक मुलाखती घेतल्यास पुढील दहा वर्षांत जे नष्ट होणार आहे त्यातील काही भाग तरी हाती लागेल. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. एका सेक्टरपासून आरंभ करता येईल.